चातुर्मासात कच्चं खाऊन साधना : कुणी केलंय का?

मांजराकाठ

राम राम मंडळी. आषाढी तोंडावर आलीय, यंदाचा नेम ठरवायचाय, म्हणून इथं विचारते. चार महिने चुलीवरचं, गॅसवरचं काहीच खायचं नाही, फक्त फळं, कच्च्या भाज्या, भिजवलेले दाणे आणि मोड, असं मनात घोळतंय.

हे डोक्यात आलं ते संभाजीनगरकडच्या एका ध्यान शिबिरामुळं. तिथं सांगितलं की विस्तव लागला की अन्नातला प्राण जातो, ऋषी कंदमुळं खायचे म्हणून त्यांची वृत्ती शांत असायची, आणि शिजलेलं खाणारा माणूस जपाला बसला तरी अर्धी शक्ती पचनातच घालवतो. सगळं पटलं असं नाही. पण उन्हाळ्यात रात्रीचं जेवण कच्चं करून बघितलं. काकडी, खरबूज, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, भिजवलेले शेंगदाणे, कधी मटकीचे मोड. पहाटे माळ घेऊन बसले की पूर्वी जांभया यायच्या, त्या थांबल्या. बसणं लांबलं. एवढं मात्र खरं.

वजन कमी करायचं नाही, चेहऱ्यावर तेजही नकोय. शाळेत शिकवते, घरी चार माणसांचा स्वयंपाक मलाच करायचा असतो आणि तो सुटणार नाही. प्रश्न एवढाच, की कच्च्या खाण्याला आपल्याकडं साधनेत काही आधार आहे का, आणि ज्यांनी केलंय त्यांचा अनुभव काय? बी-१२ च्या गोळीपासून ब्रह्मज्ञानापर्यंत काहीही सांगा, फक्त टिंगल नको.

येळवस

टिंगल नाही ताई, पण श्रावणझडीत शेजारच्या घरातून पिठल्याचा वास आला की खरी साधना तिथंच व्हायची तुमची.

टाळकरी

माऊली, नेम धरायला निघालात हेच चांगलं. आधाराचं विचारलंत म्हणून आमच्या गंगाखेडकडच्या फडावर जे ऐकत आलो ते सांगतो.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की मीच वैश्वानर अग्नी होऊन प्राण्यांच्या देहात राहतो आणि चार प्रकारचं अन्न पचवतो. आता विस्तवानं प्राण जातो म्हणावं, तर पोटातला विस्तव देवानं आपलंच रूप म्हणून का सांगितला? सहाव्या अध्यायात तर सरळ सांगितलंय की फार खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. तिथं माप सांगितलंय. शिजलेलं का कच्चं, हा भेद नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडं अन्नाचा परमार्थ पंगतीत आहे. पैठणच्या नाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक ज्यांना गावानं दूर ठेवलं होतं त्यांच्या पानात वाढला, म्हणून ती गोष्ट चारशे वर्षं सांगतोय आपण. सप्ताहात काल्याचं कीर्तन झालं की लाह्या, पोहे, दही एकाच हातानं सगळ्यांना मिळतं. तुम्ही चार महिने कच्चं धरलंत आणि सप्ताहात वाढप्या भाजी घेऊन आला, तर पान मागं सारणार का? नांदेडला गुरुद्वाऱ्यात गेलात तर लंगरची दाल-रोटी परत करणार का? नेम देवासाठी असेल तर देवाच्या घरचं अन्न नाकारायला लावणारा नसावा, एवढंच म्हणणं आहे. बाकी आपली इच्छा.

कोशिंबीर

टाळकरी काकांचं पंगतीचं म्हणणं मान्य. पण कच्चं खाणं म्हणजे शिबिरातून आलेलं काही नवीन खूळ आहे असं जे वाटतं, ते मला मान्य नाही. ह्यावर मी लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा आला तर पुढं जा.

जालन्यात माझ्या सासरी थंडीच्या दिवसात घोळाण्याशिवाय ताट होत नाही. मेथी किंवा करडईची अगदी कोवळी पानं, कांद्याची पात, सगळं बारीक चिरायचं. हिरवी मिरची जाड मिठासोबत ताटलीतच वाटीच्या बुडानं रगडायची. मग पानं, शेंगदाण्याचा भरपूर कूट, आणि वरून घाण्याचं करडईचं तेल, न तापवलेलं. पाणी सुटायच्या आत खायचा. ह्यातलं एकही जिन्नस चुलीजवळ गेलेलं नाही. कूट भाजलेल्या दाण्यांचा असतो हे कबूल, तुम्हाला कडक नेम असेल तर दाणे भिजवून वाटा. चव उतरते थोडी.

हरभऱ्याचा डहाळा बांधावर बसून खाल्लाय ना सगळ्यांनी? घाटे सोलता सोलता पोट भरतं. संक्रांतीच्या सुगडात काय असतं बघा : बोरं, उसाचे करवे, गाजर, ओला हरभरा. सगळं कच्चं, आणि आधी देवाला. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, तिच्यात हरभऱ्याची डाळ भिजवून वाटलेली असते, शिजवलेली नसते. पावसाळा सरता सरता शेतातली वाळकं आणि शेंदाडं. मग बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं, इकडं आमची मोसंबी. हुरडा मात्र ह्यात धरू नका, तो आगटीत भाजल्याशिवाय हुरडाच नाही.

म्हणजे आपल्याकडं कच्चं होतंच, पण ते जेवणाच्या आधी, जेवणासोबत किंवा सणाला. त्यावरच कुणी राहत नसे. मी स्वतः बरीच वर्षं सोमवारी दिवसभर कच्चं खाते आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर भात-वरण खाऊन उपास सोडते. मला जे मिळतं ते असं की त्या दिवशी खाण्याचा विचार कमी होतो. कढई नाही, फोडणी नाही, पुन्हा वाढून घेणं नाही. डोकं रिकामं राहतं. ह्याला अध्यात्म म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

आणि शिबिरवाल्यांच्या यादीत अव्होकाडो, चिया, बदामाचं दूध असेल तर ती यादी चुलीत घाला. (चूल बंद केली असेल तर शेजारणीच्या.)

जिंतूरकर

गंमत वाटली वाचून. आम्ही दिगंबर जैन, आणि आमच्याकडं हे बरोबर उलटं आहे. श्रावकाच्या, म्हणजे संसारी जैनाच्या, व्रताच्या अकरा पायऱ्या असतात, त्यांना प्रतिमा म्हणतात, त्यातली पाचवी सचित्त-त्यागाची. म्हणजे ज्यात अजून जीव आहे असं कच्चं, हिरवं, न उकळलेलं पाणीसुद्धा सोडायचं. माझी आजी चातुर्मासात पाणी उकळून गाळूनच प्यायची आणि हिरवी भाजी तिच्या ताटात नसायची. कंदमुळं तर आम्हाला कायमचीच बंद, आणि मोड आलेलं कडधान्य म्हणजे अनंत जीव, ते साधनेच्या दिवसात कोण खाणार?

शिबिरात म्हणतात कच्च्यात प्राण आहे म्हणून खा. आमचे मुनी म्हणतात कच्च्यात प्राण आहे म्हणून खाऊ नका. मुद्दा दोघांचा एकच, निष्कर्ष उलटा. मला वाटतं ह्यावरून तरी कळावं की मन:शांती पानाच्या कच्चेपणात बसलेली नाही. कुठल्याही बाजूनं जा, आपण काहीतरी सोडलंय ह्याची आठवण दिवसभर राहते, काम ती आठवण करते.

प्राणऊर्जा

वरील सर्व प्रतिसाद वाचून वाईट वाटले. शिजवल्याने एन्झाइम नष्ट होतात हे विज्ञान आहे. जिवंत अन्नात जिवंत एन्झाइम असतात, ते पचनाला मदत करतात आणि शरीराची ऊर्जा वाचते, तीच ऊर्जा वर चढते. मी पूर्ण अपक्वाहारावर आहे. मधुमेह, बीपी, सांधेदुखी सर्व यानेच जाते. ताई, घाबरू नका, सुरुवातीला अशक्तपणा, डोकेदुखी, जुलाब होतील, ते विष बाहेर पडत असते. गोळ्या हळूहळू बंद करा.

स्टेथोस्कोप

शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन करावं लागलं. कृपया कुणीही हे वाचून गोळ्या बंद करू नका. मधुमेहाची काही औषधं चालू असताना अचानक भाकरी-भात सोडला की साखर धोकादायक खाली येते. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर रोज भरपूर पालेभाजी एकदम सुरू केल्यानं तिचा परिणाम कमी होतो. अशांनी आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्यायचा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा विषयच सोडावा.

एन्झाइमचं म्हणाल तर पानातले एन्झाइम ही प्रथिनं असतात, जठरातल्या आम्लात त्यांतली बहुतेक मोडतात. आपलं पचन आपल्या स्वादुपिंडाच्या एन्झाइमवर चालतं. शिजवल्यानं सी जीवनसत्त्व कमी होतं हे खरं, म्हणून लिंबू, पेरू, पातीचा कांदा कच्चे खावेत. पण टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं कॅरोटीन शिजवून, थोड्या तेलासोबत जास्त मिळतं. दोन्ही बाजूंनी सत्य आहे.

आणि जुलाब झाले तर ते "विष बाहेर पडणं" नसतं, बहुतेक वेळा न धुतलेली कोथिंबीर असते. आपल्याकडं किती ठिकाणी भाजी नाल्याच्या पाण्यावर पिकते हे सगळ्यांना माहीत आहे. टायफॉइड, कावीळ, जंत, आणि ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं ते म्हणजे फीताकृमीची अंडी. कच्च्या पानांवरून ती पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. शाकाहारी माणसालाही. पावसाळ्यात हा धोका वाढतो. पानं एकेक सुटी करून वाहत्या पाण्यात धुवा. मिठाच्या पाण्यात नुसती बुडवून ठेवली म्हणजे झालं असं नाही.

दुधीच्या रसाचं वेगळं सांगतो, कारण साधनावाल्यांत तो फार चालतो. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. २०१० च्या सुमारास दिल्लीत अशा रसानं मृत्यू झाला आणि आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली. त्यांचं सांगणं साधं होतं : आधी तुकडा चाखा, कडू लागला तर फेका, दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नका. धारोष्ण दूधही नको, ब्रुसेलोसिसचे (कच्च्या दुधातून येणाऱ्या तापाचे) रुग्ण खेड्यांत अजून मिळतात.

बी-१२ चं तुम्हीच विचारलंत. कच्च्या वनस्पतींत ते भरवशाचं कुठंच नाही. दूध-दही घेतलंत तर थोडं मिळतं. आधी एकदा तपासणी करून घ्या.

बालाघाटी

डाक्टर बरोबर बोलायलेत. म्या शेतकरी हाय, मला फवारणीचं म्हायती हाय. कोबी, फ्लावर, वांगं, ढोबळी, द्राक्ष हे बाजारातून आणून तसंच खाणाऱ्याला आमी लांबूनच नमस्कार करतो. तोडणीच्या आधी काही दिवस तरी फवारू नये म्हंत्यात, पर भाव चढला की कोण थांबतंय.

अजून एक. शिबिरात कुणी ज्वारीला मोड आणून खा म्हणलं आसंल तर ऐकू नका. कोवळी ज्वारी जनावरानं खाल्ली की किराळ लागती, पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, घटकेत जनावर जातं. सायनाईडच आसतंय ते. वाळलेल्या दाण्यात भ्या नाही, मोड फुटला की तयार होतं. जे बैलाला चालत नाही ते माणसानं कशाला खावं? सोयाबीन बी कच्चं नको. लातूरकडं सोयाबीन लै, म्हणून कुणीतरी भिजवून खायचं सांगतंय, पोट धरून बसतंय. राजमा बी नको. मूग, मटकी, हरभरा खुशाल खा.

आन ताई, चार मैने निसतं कच्चं खाऊन खुरपायला या म्हणा शिबिरवाल्यांना.

परभणी_ते_पुणे

बालाघाटी दादांच्या शेवटच्या वाक्याला आकड्यांचा टेकू देतो. शंभर ग्रॅम काकडीत साधारण १५ कॅलरी. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दोन हजारांच्या वर लागतात, तर काकडीवर भागवायचं म्हणजे तेरा-चौदा किलो. म्हणून कच्चं खाणाऱ्याला शेवटी शेंगदाणा, खोबरं, तीळ, केळी, खजूर ह्यांच्यावरच यावं लागतं, कोशिंबिरीनं पोट भरत नाही.

हा प्रयोग आपल्या देशातल्या सगळ्यात हट्टी माणसानं करून बघितलाय. गांधीजींनी. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना एकदा, कच्च्या अन्नावर, आणि भूक, अशक्तपणा यामुळे लवकरच सोडला. पुन्हा १९२९ मध्ये साबरमतीला, ह्या वेळी आश्रमातले काही जण सोबत घेऊन. भिजवलेले, मोड आलेले गहू आणि हरभरे, पाला, बदाम, बेदाणे, लिंबू. त्याचा वृत्तान्त ते 'यंग इंडिया'त उघडपणे लिहीत होते, काय त्रास झाला तेही. त्यांचा हेतूही ताईंसारखाच होता, इंद्रियं ताब्यात आणणं. त्याच वर्षी त्यांना आमांश झाला आणि प्रयोग थांबवावा लागला. पण निसर्गोपचारावरचा विश्वास गेला नाही, १९४६ मध्ये उरुळी कांचनला आश्रम सुरू केलाच.

बायकांसाठी एक गंभीर माहिती. जर्मनीत दीर्घकाळ कच्चं खाणाऱ्या लोकांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती, आणि कच्च्याचं प्रमाण जितकं जास्त आणि वजन जितकं कमी, तितकं हे प्रमाण वाढत होतं. "विष बाहेर पडतंय" म्हणून ह्याकडं दुर्लक्ष करू नका.

प्राणऊर्जा

जर्मन अभ्यास पटतो आणि आपल्या ऋषींचा अनुभव पटत नाही. छान.

टाळकरी

ऋषींच्या आश्रमात यज्ञ होता ना महाराज? आणि यज्ञात चरू, म्हणजे आहुतीचा भात, शिजत होता. आता काय बोलावं.

प्रशासक

औषधं बंद करण्याचा सल्ला असलेली ओळ नियमांनुसार काढायला हवी होती, पण तिला उत्तर दिलेलं असल्यानं दोन्ही ठेवलंय. पुन्हा असं आल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

वैद्य_गोदाकाठ

उशिरा आलो. वेळेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून थोडं लिहितो.

ताई, तुम्ही नेमके वर्षातले सगळ्यात चुकीचे महिने निवडलेत. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात ऋतुचर्या आहे. उन्हाळ्यानं दुबळा झालेला अग्नी पावसाळ्यात आणखी मंद होतो, असं तिथं स्वच्छ सांगितलंय. कच्चं, कोरडं, थंड अन्न अशा वेळी वात वाढवतं. पोटात गुबारा धरणं, झोप तुटणं, चिडचिड, हे सगळं ध्यानाच्या आड येतं. उलट हेमंतात अग्नी इतका प्रखर असतो की जड अन्नही पचतं. म्हणजे कच्चं खायचंच असेल तर मार्गशीर्ष ते माघ. आणि शेतात पाला, गाजर, मुळा, हरभरा, बोरं कधी असतात? तेव्हाच. कोशिंबीरताईंच्या सासरी घोळाणा थंडीतच का होतो, हे आता कळेल.

चातुर्मासाचा जुना नेमही बघा. पहिल्या महिन्यात पालेभाजी सोडायची, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल. शाकव्रताचा महिना आषाढी एकादशीनंतरचा, म्हणजे धो-धो पावसाचा, पानांवर चिखल, अळ्या आणि गढूळ पाणी असण्याचा. डॉक्टरांनी जे जंतांबद्दल लिहिलं तेच हे, फक्त व्रताच्या भाषेत. पालेभाजी सोडायच्या महिन्यात तुम्ही पालेभाजी कच्ची खायला निघालात.

कांदा, लसूण, वांगं सोडा, एकभुक्त राहा, म्हणजे पूर्ण जेवण दिवसा एकदाच, आणि रात्री फक्त हलकं, मऊ मुगाची खिचडी किंवा राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. नेम कडक हवा असेल तर धारणे-पारणे करा, एक दिवस उपास, एक दिवस जेवण, तेही तब्येत बघून.

गोदाई

सगळ्यांचं वाचलं. एक विचारू? हे कच्चं चिरतं कोण?

आमच्या घरात सासऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी असाच नेम धरला होता. त्यांचं ध्यान छान लागायचं. माझं सकाळी पाचपासून खोबरं खोवणं, डाळिंब सोलणं, मोड बांधणं, गाजर किसणं, पालक सात पाण्यांतून काढणं, आणि मग बाकीच्यांचा नेहमीचा स्वयंपाक. विस्तव न लागणाऱ्या अन्नाला दुप्पट हात लागतात, हे शिबिरात कुणी सांगत नाही, कारण शिबिरात कापायला बायका ठेवलेल्या असतात.

आणि पाणी. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, विसरलात का? माझं माहेर तिथलंच. तेव्हा घागरभर पाण्यात घर चालायचं, एक जुडी मेथी धुवायला बादली कुठून आणायची? आताही उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा आई पालेभाजी घेतच नाही. शिजवलं की निदान उकळून तरी निघतं.

बायकांचे उपास आधीच कमी आहेत का? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नऊ दिवस तुळजापूरच्या नावानं. चहा आणि साबुदाण्यावर राबायचं आणि मग रक्त कमी म्हणून इंजेक्शनं घ्यायची. ताई, तुमचं मन मोडायचं नाही, तुम्ही स्वतःचं स्वतः करणार हे दिसतंय. पण चार महिने हा फार मोठा काळ आहे.

येळवस

गोदाईताईंना लाख लाईक.

आणि साबुदाण्यावरून आठवलं, उपासाच्या भगरीतूनही दर नवरात्रात विषबाधेच्या बातम्या येतात. जुनी, बुरशी लागलेली भगर, नाहीतर सुटं पीठ. तेव्हा शिजवलेलं म्हणजे सुरक्षित असंही नाही मंडळी.

मांजराकाठ

बाप रे, दोन दिवस पेपर तपासण्यात होते तर इथं एवढं झालं. सगळ्यांचे आभार, प्राणऊर्जा यांचेही, मात्र माझी थायरॉइडची गोळी चालूच राहील.

थोडं भांडते. डॉक्टर, वैद्य, दादा, सगळ्यांनी पोटाचं सांगितलं. मला जे झालं ते मनाचं होतं आणि त्यावर फक्त कोशिंबीर आणि जिंतूरकर बोलले. काय झालं ते नीट सांगते. गाजर किंवा भिजवलेला दाणा चावायला वेळ लागतो. गिळता येत नाही. मऊ भात मी टीव्ही बघत कधी संपवायची ते मला कळायचं नाही. कच्चं खाताना ते जमतच नाही, लक्ष घासावरच राहतं. आणि रात्रीचं जेवण आपोआप लवकर आणि कमी झालं. जांभया थांबल्या त्या बहुतेक ह्यामुळं, प्राणामुळं की काय ते मला माहीत नाही. जिंतूरकरांचं वाचून वाटलं की त्यांच्या आजीच्या ताटातलं उकळलेलं पाणी आणि माझं गाजर एकच काम करतायत.

पण मग माझा प्रश्न असा, की हे लक्ष मऊ भातावरही ठेवता आलं पाहिजे ना? ते का जमत नाही? टाळकरी काका, ह्याचं उत्तर द्या.

टाळकरी

जमतं माऊली, पण सवयीनं. म्हणून तर पंगतीत आधी श्लोक, मग "पुंडलिक वरदे", मग घास. तेवढा थांबा दिला की मन ताटावर येतं. घरी एकटं जेवताना तो थांबा कुणी देत नाही. तुमच्या गाजरानं तो दिला. गाजराला दोष नाही. फक्त चार महिने गाजराच्या भरवशावर राहू नका, घरीही श्लोक म्हणून जेवायला बसा. भातही तितकाच लक्ष देऊन खाल.

जिंतूरकर

आणि मौन. आमच्याकडं मुनींचा आहार मौनात होतो. एक वेळचं जेवण न बोलता, मोबाइल दुसऱ्या खोलीत. खर्च शून्य, पाणी शून्य, चिरणं शून्य.

कोशिंबीर

मौनाचं मी सोमवारी करून बघणार. नवरा खूश होईल.

मांजराकाठ

ठरलं मग. चातुर्मासात वैद्यबुवांचं ऐकते : दिवसा एकदा पूर्ण शिजलेलं जेवण, कांदा-लसूण-वांगं बंद, रात्री फळ किंवा राजगिरा, दोन्ही वेळा न बोलता. सप्ताहाचा प्रसाद आणि कुणाच्या घरचं आग्रहाचं पान नाकारायचं नाही, हेही नेमातच धरते. कच्चं मार्गशीर्षात, आठवड्यातून दोन दिवस, भरपूर दाणे-खोबऱ्यासह. वेळ अमावस्येला मात्र शेतात भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे खाणारच, त्या दिवशी मला कुणी घोळाणा दाखवू नये.

बी-१२ तपासायला दिलंय. गोदाईताई, चिरणं माझं मीच करते, रविवारी मुलाला खोबरं खोवायला बसवते. त्याला आवडत नाही, पण शिकेल.

बालाघाटी दादा, एक मदत. फवारणी नसलेली करडईची भाजी शहरात कुठं मिळत नाही. माझ्याकडं घरामागं थोडी जागा आहे. लावता येईल का? कधी?

बालाघाटी

येती की. सप्टेंबराच्या शेवटी नाहीतर आक्टोबरात, पाऊस उघडल्यावर, जमिनीत ओल आसताना पेरा. दाट टाका. मैनाभरानं विरळणी करताना जी रोपं उपटता तीच भाजी, तवाच ती कोवळी आसती. पुढं काटे येत्यात, मग बकरीबी तोंड लावत नाही. पाणी लै देऊ नका, मूळ सडतंय. मावा आला तर साबणाचं पाणी मारा, पर खायच्या पानावर नको. थोडी रोपं तशीच ठेवा, बी धरंल, फेब्रुवारीत काढा, पुढच्या साली इकत आणायला नको. बियाणं मूठभर पायजे आसंल तर निरोप टाका, आमच्याकडं हाय.

कोशिंबीर

दादा, मलाही मूठभर. आणि मांजराकाठ ताई, करडई चिरून ठेवायची नाही हं, पाच मिनिटांत काळी पडते. कूट आधी तयार ठेवायचा, मग पानांना हात लावायचा.